सृजनशीलता पेटीतून येत नाही

'दुर्गम भागातील प्राथमिक शाळांमधील विद्यार्थ्यांच्या सृजनशील विचारक्षमतेवर विज्ञान अध्यापनाच्या अमुक एका कार्यक्रमाचा होणारा परिणाम : एक अभ्यास.' या बेताच्या शीर्षकाचे प्रबंध शिक्षणशास्त्राच्या बहुतेक विभागांच्या कपाटांत सापडतात. त्यांची घडण ठरलेली असते. तीसचाळीस मुलांचा प्रायोगिक गट, तेवढ्याच मुलांचा नियंत्रित गट, पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी, 'टी' मूल्य आणि शेवटी शून्य परिकल्पनेचा त्याग. कार्यक्रम यशस्वी होतो, मुले सृजनशील होतात आणि संशोधक आपल्या गावी परततो. पुढल्या जूनमध्ये त्याच शाळेत त्याच मुलांचे काय झाले, हे सांगणारे प्रकरण प्रबंधात नसते.

एखाद्या उमेदवाराला पदवी मिळाली याचे आम्हांला वैषम्य नाही. चिंता वाटते ती अशा प्रबंधांतून, तसेच सरकारी परिपत्रकांतून आणि देणगीदारांच्या अहवालांतून सारख्याच सहजतेने वावरणाऱ्या तीन गृहीतकांची. पहिले गृहीतक असे, की पाड्यावरच्या मुलात सृजनशीलतेची मुळातच उणीव असते. दुसरे असे, की ही उणीव बाहेरून काही आणून, म्हणजे कार्यक्रम, पेटी, फिरती प्रयोगशाळा किंवा भिंतीवरचा पडदा आणून, भरून काढता येते. तिसरे असे, की भर पडली की नाही हे सर्वांना सारख्याच लागू पडणाऱ्या एका मापाने मोजता येते. ही तिन्ही गृहीतके आम्हांला चुकीची वाटतात. त्यांच्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो, आणि त्याची किंमत मुले मोजतात.

मराठीच्या अध्यापकांनी विज्ञानशिक्षणाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. विज्ञानाचा तास प्रथम भाषेचा तास असतो. 'का?' हा शब्द मुलाला ज्या भाषेत सुचतो ती भाषा वर्गात चालणार नसेल, तर पुढची सारी उपकरणे व्यर्थ आहेत. शिवाय याच शाळांतून निघालेली मुले दहाबारा वर्षांनी आमच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते सांगायचे नसते, असे त्यांना फार लवकर शिकवले गेलेले असते. हे शिकवणे कुठे घडले याचा शोध घेणे हे आमच्या विषयाचेच काम आहे.

आधी मोजमापाचे पाहू. सृजनशीलता हा मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय व्हावा, असे गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात १९५० साली आग्रहाने मांडले. १९६६ मध्ये टॉरन्स यांच्या कसोट्या आल्या. सत्तरच्या दशकात बाकर मेहदी यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी कसोटी तयार केली. प्रवाहिता, लवचिकता, मौलिकता या संज्ञा तेव्हापासून आपल्याकडील प्रबंधांत ठाण मांडून बसल्या आहेत. या मंडळींनी बुद्ध्यंकाच्या एकछत्री अंमलाला धक्का दिला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु गिलफर्ड यांच्या परंपरेतला तो प्रसिद्ध प्रश्न पाहा : विटेचे जास्तीत जास्त उपयोग सांगा. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथे घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या आणि शेणामातीने सारवलेल्या असतात, तिथल्या मुलाने विटेचे दोनच उपयोग सांगितले तर त्याची प्रवाहिता कमी भरते. त्याच मुलाला पळसाच्या पानाचे, बांबूचे किंवा कारवीच्या काटकीचे उपयोग विचारा. आणि मग तोच प्रश्न पुण्यातल्या एखाद्या नामांकित शाळेतल्या मुलाला विचारा. दोघांच्या गुणांची अदलाबदल झाली, तर सृजनशीलता एका तालुक्यातून दुसरीकडे गेली असे कोणी म्हणणार नाही. आपण मोजले ते वस्तूशी असलेले परिचयाचे नाते, आणि नाव दिले सृजनशीलतेचे.

शब्दांवाचून, चित्रांतून घेतल्या जाणाऱ्या कसोट्याही आहेत, याची आम्हांला जाणीव आहे. त्यांतही अनोळखी पाहुण्याने, अनोळखी भाषेत सूचना देऊन, घड्याळ लावून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच असते. ज्या मुलाला शाळेने 'विचारल्याशिवाय बोलू नये' हे शिकवले आहे, ते पाहुण्यासमोर कमी बोलते. त्या कमी बोलण्याला गुण दिले जातात आणि सरासरी काढली जाते.

आता उणिवेच्या गृहीतकाकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात, गडचिरोलीत, सातपुड्याच्या रांगांत मोह गळू लागतो. पहाटे उठून आईबरोबर मोह वेचायला जाणारे सातआठ वर्षांचे मूल काय जाणते, याची यादी करून पाहावी. फुले रात्री उमलतात आणि पहाटे झडतात. झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ केला तर वेचणे सोपे जाते. ओली फुले ढीग करून ठेवली तर खराब होतात, पातळ पसरली तर लवकर वाळतात. आभाळ आले की वाळणे लांबते, वारा असला की उरकते. वाळलेल्या फुलांची टोपली ओल्या फुलांच्या टोपलीपेक्षा पुष्कळ हलकी लागते. आता शालेय विज्ञानातला बाष्पीभवनाचा पाठ उघडावा. पृष्ठभाग वाढला की बाष्पीभवनाचा वेग वाढतो, तापमान वाढले की वाढतो, वारा असला की वाढतो, हवेत दमटपणा असला की कमी होतो. चारही विधाने त्या मुलाला ठाऊक आहेत. ठाऊक नाही तो फक्त 'बाष्पीभवन' हा शब्द. शाळा तो शब्द फळ्यावर लिहिते, व्याख्या पाठ करून घेते आणि व्याख्या न आलेल्या मुलाला विज्ञान येत नाही असे ठरवते. ज्याने चारही घटक हाताळले आहेत ते मूल अज्ञानी ठरते, आणि ज्याने आयुष्यात काही वाळवलेले नाही पण व्याख्या पाठ केली आहे ते हुशार ठरते.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे, नाहीतर आम्ही भाबडेपणाच्या आरोपाला पात्र ठरू. मोह वाळवता येणे म्हणजे विज्ञान येणे नव्हे. अनुभव ही सामग्री आहे. तिला प्रश्न विचारला, एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवल्या, मोजले, नोंदले आणि आपली समजूत चुकली तर ती सोडायची तयारी ठेवली, की तिथे विज्ञान सुरू होते. पालघर, ठाणे, रायगड या पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून जमीन जाळतात आणि तिथे बी पेरतात. का भाजायचे, असे विचारले तर घरात अनेक उत्तरे मिळतात : तण मरते, राखेचे खत होते, माती मोकळी होते, पूर्वीपासून करतात म्हणून. कृषिखाते सांगते, की राब न भाजता गादीवाफ्यावरही रोपे करता येतात. चौथीच्या वर्गाला याहून चांगला प्रयोग कोणता हवा? शाळेच्या आवारात दोन लहान वाफे करावेत. एक भाजलेला, एक न भाजलेला. दोन्हींत एकाच पायलीतले बी, मोजून तेवढेच. मग रोपे मोजायची, उंची मोजायची, तण मोजायचे. मग कोणीतरी मूल म्हणेल, की न भाजलेल्या वाफ्यात नुसती राख टाकून पाहू या. या क्षणाला आम्ही सृजनशील विचार म्हणतो. तण मरते म्हणून की राख मिळते म्हणून, या दोन कारणांना वेगळे करणारा तिसरा वाफा त्या मुलाच्या डोक्यातून निघालेला असतो. असा तिसरा वाफा सुचवायला मुलाला मुभा आहे का आणि वेळ आहे का, हाच खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात प्राथमिक वर्गांच्या या विषयाचे नाव 'परिसर अभ्यास' आहे. नाव उत्तम आहे. पण ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत त्यांतली कितीतरी मुले आश्रमशाळेत राहतात. पहिलीदुसरीतले मूल घरापासून, नदीपासून, मोहाच्या झाडापासून उचलून वसतिगृहात आणायचे, भिंतीआड ठेवायचे आणि मग त्याला परिसराचा अभ्यास पुस्तकातून शिकवायचा! पाड्यावर शाळा नव्हती तेव्हा आश्रमशाळांनी अक्षरओळख पोहोचवली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाचा परिसरच काढून घेतला, त्याला परिसर अभ्यासात रस नाही अशी तक्रार करणे हा शुद्ध अन्याय आहे.

आणि भाषा? कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या मुंडा गटाची भाषा आहे. माडिया ही गोंडीची बहीण, द्राविड कुळातली. भिली, पावरी, कातकरी या भारतीय-आर्य असल्या तरी पुस्तकी मराठीपासून बऱ्याच दूर आहेत. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलाला मराठी ही शेजारची बोली नाही, ती वेगळ्या कुळातली भाषा आहे. तिच्यात त्याला 'अपारदर्शक', 'विद्राव्य', 'संघनन' हे शब्द भेटतात. हे शब्द तर पुण्याच्या मुलाच्याही घरातले नाहीत. म्हणजे कोरकू मुलाला दोन डोंगर चढायचे आहेत, आधी मराठीचा आणि मग त्या मराठीतल्या संस्कृतचा.

ही केवळ मराठीवाल्यांची हळवी तक्रार नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली. त्यानंतर लवकरच प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. ग्रामीण मुलांच्या विज्ञानातल्या अपयशामागे पाठ्यपुस्तकाची भाषा हे एक मोठे कारण आहे, आणि भाषा सोपी केली, मुलांना ती वापरायची संधी दिली, तर त्यांचे आकलन सुधारते, हा त्यांच्या कामाचा निष्कर्ष होता. लक्षात घ्यावे, की ती मुले खानदेशातली, मराठीच्या परिघातली होती. तिथे ही अवस्था, तर भामरागडात काय असेल? या गोष्टीला चार दशके उलटून गेली. राज्यघटनेचे कलम ३५० क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींबद्दल बोलते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा 'शक्य तितपत' मातृभाषा म्हणतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत, जिथे शक्य तिथे, घरची भाषा म्हणते. 'शक्य तिथे' या दोन शब्दांच्या आडोशाला जेवढी निष्क्रियता लपते तेवढी सातपुड्याच्या दऱ्यांतही मावणार नाही.

बाहेरून आणायच्या पेटीचे काय? विज्ञानपेटी, फिरती प्रयोगशाळा, दूरचित्रवाणी संच, अलीकडे टॅब्लेट. या वस्तूंशी आमचे वैर नाही. भिंग हातात आल्यावर मुलाच्या तोंडावर जो आनंद उमटतो तो खराच असतो. पण शासकीय शाळेत पेटी आली की ती प्रथम डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते. चढली की ती वस्तू मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडते. परीक्षानळी फुटली तर उत्तर कोण देणार? म्हणून पेटी कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली तपासणीच्या दिवशी निघते. शिक्षकाला यासाठी दोष देऊ नये. ज्या व्यवस्थेत फुटलेल्या नळीचा जाब विचारला जातो आणि न वापरलेल्या नळीचा जाब विचारला जात नाही, तिथे शहाणा माणूस कुलूपच लावील. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी केली. त्यांच्या कामातली मोठी गोष्ट स्वस्तपणा ही नाही. त्या खेळण्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही, म्हणून ते मोडता येते, हे तिचे मर्म आहे. मोडायला परवानगी असल्याशिवाय कुठलेही मूल नवे काही करून पाहत नाही.

आमच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, आणि तो महाराष्ट्रातच सापडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत, गुरे चारायला जातात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यावर मुलांच्या उणिवांचे सर्वेक्षण न करता त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. कुरणशाळा हे नाव आज पाठ्यक्रमात दोन गुणांच्या टिपेपुरते उरले आहे. त्यातला विचार असा होता, की मुलाचे जगणे हा शिक्षणातला अडथळा नसून त्याची सामग्री आहे. डहाणूच्या जंगलातले दगड, बिया, पाने हीच त्यांची साधने होती.

दुसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले आहे आणि ते जास्त बोलके आहे, कारण त्याचा शेवट दुःखद आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, किशोर भारती आणि रसूलिया इथल्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या साऱ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने तो पुढे नेला आणि राज्यातल्या सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचवला. मुले गटात बसून स्वतः प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत. 'बालवैज्ञानिक' या पुस्तकांत प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा असे आणि प्रात्यक्षिकही असे. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून शंका विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. शिक्षकांचे दरवर्षी प्रशिक्षण होई आणि दरमहा बैठक भरे. तिथे वर्गात काय फसले याची मोकळी चर्चा चाले.

प्राथमिक आणि माध्यमिक हा फरक आम्ही विसरलेलो नाही. तत्त्व मात्र तेच आहे. होशंगाबादमध्येही पेटी होती. पण पेटीबरोबर बैठक होती, परीक्षा बदलली होती, पुस्तकाची भाषा बदलली होती, चूक करायची मुभा होती. म्हणून तो कार्यक्रम तीस वर्षे टिकला. आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. सर्वत्र एकच अभ्यासक्रम हवा आणि पुढल्या परीक्षांत ही मुले मागे पडतात, अशा स्वरूपाचे आक्षेप पुढे आले होते. थोडक्यात, पुढची परीक्षा बदलायची नाही असे ठरल्यावर मागचे शिक्षण बदलावे लागले. आजही दुर्गम भागातल्या सृजनशीलतेविषयी बोलणाऱ्या कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न हाच विचारावा : परीक्षेचे काय केले? उत्तर 'परीक्षा आहे तशीच' असे असेल, तर ती योजना शोभेची आहे.

आता शिक्षकाकडे पाहू. पाड्यावरची शाळा बहुधा दोन शिक्षकांची असते. चार-पाच इयत्ता एकाच खोलीत किंवा दोन खोल्यांत. त्यांतल्या एका शिक्षकाला पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, यू-डायसचे तक्ते, बैठका, निवडणुकीची यादी. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगते. अपवादांच्या त्या दारातून आणि 'माहिती तातडीने सादर करावी' या खिडकीतून काय काय आत येते ते शिक्षकच जाणतात. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून माहिती भरणाऱ्या माणसाला आपण सांगतो, की मुलांत सृजनशील विचार रुजवा. त्याच्या स्वतःच्या विचाराला आपण दिवसातली किती मिनिटे ठेवली आहेत?

याहून गंभीर गोष्ट आहे. दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात २०१७ च्या अखेरीस झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. दोन्ही वेळी विरोध झाला. युक्तिवाद असा केला जातो, की थोड्या मुलांत मुलाचा सामाजिक विकास होत नाही, मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळेल, वाचनालय मिळेल. डोंगराळ भागात वीसचा पट असणे हा शाळेचा दोष नाही, ती तिथल्या वस्तीची रचना आहे. पहिलीतले मूल नाला ओलांडून, गाडीत बसून दूरच्या शाळेत जाईल तेव्हा त्याचा परिसर पुन्हा मागे राहील. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की ते जाणारच नाही. मुली तर त्याहून आधी थांबतील. दुर्गम भागातल्या मुलांच्या सृजनशीलतेवर परिसंवाद भरवायचा आणि त्यांची शाळाच उठवायची, या दोन गोष्टी एकाच कार्यालयातून निघाव्यात, हे आपल्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आमच्यावर एक आक्षेप नक्की घेतला जाईल, आणि तो थट्टेने उडवून लावण्यासारखा नाही. 'शहरातल्या मुलांनी रोबो करायचे आणि आदिवासी मुलांनी मोह आणि राब शिकत राहायचे काय? त्यांना डॉक्टर, इंजिनिअर व्हायचे नाही काय?' हा प्रश्न पाड्यावरचा पालक विचारतो तेव्हा तो शंभर टक्के योग्य असतो. त्याला इंग्रजी हवे आहे, स्पर्धा परीक्षा हवी आहे, पाड्याबाहेरचे जग हवे आहे. ते त्याला मिळालेच पाहिजे. पण मोह हे बाष्पीभवनाकडे नेणारे दार आहे आणि बाष्पीभवन हे पुढे रेणूंपर्यंत नेणारे दार आहे. दाराशीच थांबा असे आम्ही म्हणत नाही. दार भिंतीतून फोडायला लावू नका, एवढेच म्हणतो.

परिसरातून सुरू केलेले विज्ञान परिसराच्या समजुतींनाही तपासते. सर्पदंशाचे पाहा. भगताकडे नेलेली अनेक माणसे बरी होतात, ही पाड्यावरची प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आहे. 'अंधश्रद्धा सोडा' असे सांगून ती खोडता येत नाही. पण बहुतेक साप बिनविषारी असतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी जातींच्या दंशातही दर वेळी पुरेसे विष उतरतेच असे नाही, हे मुलांना कळले तर पाचवीतले मूल स्वतः विचारू शकते : भगताने बरी केलेली माणसे विषारी साप चावलेली होती हे कशावरून? न नेता तीही बरी झाली नसती कशावरून? हा प्रश्न सुचणे हीच नियंत्रित गटाची कल्पना, प्रबंधातल्या शब्दावाचून सुचलेली. आणि तो प्रश्न वेळेवर सुचला तर घरातल्या माणसाला आधी दवाखान्यात नेले जाते. आमच्या लेखी सृजनशील विचाराचे मोल गुणपत्रिकेत नाही, इथे आहे.

आडवळणी गावात अव्वल विज्ञान होऊ शकते का, याचेही उत्तर महाराष्ट्राने दिलेले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, हृदयावर नेमके काय घडते ते ओळखले, उपचार बदलून पाहिले आणि पुढे प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले. त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याजवळ प्रश्न होता, वही होती आणि रुग्णाकडे पुन्हा पुन्हा पाहण्याचा हट्ट होता. या तीन गोष्टी कोणत्याही पाड्यावरच्या शाळेत देता येतात.

टीका करून थांबावे असा आमचा विचार नाही. मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना मोठा निधी लागत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलाचे पहिले उत्तर त्याच्या घरच्या भाषेत ऐकले जावे, वहीत त्या भाषेतला शब्द आधी आणि पारिभाषिक शब्द नंतर यावा. असे शब्दसंग्रह शिक्षकांनी आणि गावातल्या जाणत्यांनी मिळून करावेत, या कामी महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हाताशी असावे. प्रत्येक मुलाची एक प्रश्नवही असावी आणि तिला गुण नसावेत. विज्ञानाचे साहित्य डेड स्टॉकमधून कायमचे वगळावे, आणि वर्षाअखेरी किती मोडले याचे कौतुक व्हावे. दरमहा भरणारी केंद्राची शिक्षण परिषद परिपत्रके वाचण्यापासून मोकळी करून, वर्गात काय फसले हे बोलण्यासाठी वापरावी. परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि तपासणाऱ्यालाही आधी ठाऊक नाही. आणि ज्या वाडीवर मूल आहे तिथे शाळा राहावी.

विद्यापीठांनाही एक विनंती. यापुढे दुर्गम भागातल्या सृजनशीलतेवर प्रबंध मंजूर करताना संशोधकाने त्या शाळेत निदान एक पूर्ण वर्ष, जून ते एप्रिल, जाऊन राहावे अशी अट घालावी. त्याने तिथली भाषा शंभर वाक्यांपुरती तरी शिकावी. आणि पूर्वचाचणी मुलांची न घेता शाळेची घ्यावी : या शाळेत गेल्या आठवड्यात मुलांनी किती प्रश्न विचारले, किती प्रश्नांना 'गप्प बस' हे उत्तर मिळाले, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? उत्तरचाचणीतही हेच तीन प्रश्न असावेत.